ट्रॉम्सो : उजेड बघून महिना ठरवा

वाचकांचे प्रश्न

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या किनारी गावाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मुलांना एप्रिल-मेची सुटी असते. तेव्हा ट्रॉम्सोला जाऊन नॉर्दर्न लाइट्सही (रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) बघाव्यात आणि बर्फातही खेळावे असा बेत आहे. महिना बरोबर आहे का? – वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बेत बदला. ट्रॉम्सो सुमारे ६९.६ उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे जायचा महिना थंडीवरून ठरवत नाहीत, उजेडावरून ठरवतात. साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तो उगवत नाही. दक्षिणेला डोंगर आडवे असल्यामुळे गावातून सूर्य प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते.

तुमची सुटी नेमकी दोन्हींच्या मधल्या फटीत येते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर रात्र पुरेशी काळी होत नाही, त्यामुळे नॉर्दर्न लाइट्स आकाशात असल्या तरी डोळ्यांना दिसत नाहीत. बर्फावर कुत्र्यांनी ओढायच्या गाड्यांचा हंगाम आटोपत आलेला असतो. गावात चिखल आणि डोंगरवाटांवर मात्र अजून गुडघाभर ओला बर्फ. ट्रॉम्सोत आजवरचा सर्वांत जाड बर्फ, २४० सेंटिमीटर, मोजला गेला तो २९ एप्रिल १९९७ या दिवशी. या दिवसांत खूश असतात ते फक्त डोंगर चढून स्कीवर उतरणारे लोक, आणि तो काही पहिल्या वर्षी जमणारा खेळ नव्हे.

कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची जी सुटी मिळते, ती मात्र ट्रॉम्सोसाठी उत्तम आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य या काळात रात्री काळ्या असतात, तापमान बहुधा शून्य ते आठ अंश, आणि खालच्या डोंगरवाटा बर्फाविना चालता येतात. बर्च झाडे पिवळी झालेली असतात. खेळायला बर्फ मात्र मिळणार नाही. मुलांना बर्फच हवा असेल तर शाळेची रजा काढून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्च गाठा. तेव्हा दिवसाला ऊन, जमिनीवर बर्फ आणि रात्री अंधार हे तिन्ही मिळतात. एकदाच जाणे होणार असेल तर आमचे मत मार्चला.

प्रश्न : बेळगावात डिसेंबरात पारा तेरा-चौदावर आला की आम्ही कानटोपी शोधतो. उणे तापमानात आमच्यासारख्यांना जमंल काय? जर्किन किती न्यायची? – वाचक, खानापूर

उत्तर : जमंल की! अटलांटिकमधला उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर जातो, म्हणून एवढ्या उत्तरेला असूनही ट्रॉम्सोचे बंदर गोठत नाही. जानेवारीचे सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असते. गावात पारा उणे पंधराच्या खाली क्वचित उतरतो. सत्तर-ऐंशी किलोमीटर आतल्या दऱ्यांत मात्र उणे वीस-पंचवीस सहज होते, आणि नॉर्दर्न लाइट्सच्या बस रात्री तिकडेच जातात.

माणूस गारठतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी : अंगातला घाम, वारा आणि एका जागी उभे राहणे. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० इतके बोचते. म्हणून एक जाडजूड जर्किन घेण्यापेक्षा तीन थर करा.

अंगालगत लोकरीचा, शक्यतो मेरिनोचा, पातळ पूर्ण बाह्यांचा बनियन आणि तसलीच पायजमावजा पँट. सुती बनियन अजिबात नको. सुताने घाम धरला की तो सुकत नाही आणि थांबल्यावर पाठ बर्फासारखी होते. आपल्याकडून जाणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच : बाहेरून महागडे जाकीट आणि आत नेहमीचा सुती बनियन. मधल्या थराला फ्लीस किंवा घरचा लोकरी स्वेटर चालतो. सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारे, टोपी असलेले, कमरेखाली येणारे जाकीट. चालताना अंग तापू लागले की घाम फुटायच्या आधी चेन उघडा, थांबलात की लगेच लावा.

बूट एक नंबर मोठे घ्या. नेहमीच्या मापाच्या बुटात तीन मोजे कोंबले की बोटांभोवतीची हवा जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा पुरे. हातमोजे दोन जोड : आत पातळ बोटांचे, म्हणजे फोन चालवता येतो, आणि वर चार बोटे एकत्र राहणारे जाड. कुत्र्यांच्या गाडीला किंवा रात्रीच्या सहलीला नेणाऱ्या बहुतेक कंपन्या वरून घालायचा जाड अखंड सूट आणि बूट देतात. बुकिंग करताना ते विचारा आणि मगच खरेदीला निघा. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

प्रश्न : सोबत आई (६८) आणि बाबा (७२) आहेत. दोघे रोज चालतात. फेब्रुवारीत न्यावे का? – वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : न्या, पण घसरण्याची काळजी थंडीच्या आधी करा. हिवाळ्यात मध्येच एक-दोन दिवस पारा शून्याच्या वर जातो, बर्फावर पाऊस पडतो आणि रात्री ते सगळे गोठून फुटपाथ काचेसारखा होतो. त्यावर कितीही चांगल्या तळव्याचा बूट टिकत नाही. बुटाखाली रबरी पट्ट्याने अडकवायचे लोखंडी खिळे मिळतात, तिथे त्यांना ‘ब्रॉडर’ म्हणतात. गावातल्या खेळाच्या आणि औषधांच्या दुकानांत ते मिळतात. पोहोचलात की पहिली खरेदी तीच. पूर्ण तळव्याला खिळे असलेले घ्या. फक्त टाचेला असलेले उतारावर कामाचे नाहीत. दुकानात, हॉटेलात शिरताना ते काढायला लावा, कारण फरशीवर तेच खिळे घसरतात. काठी हवी असेल तर टोकाला लोखंडी अणी असलेली.

दोघांसाठी सोपे कार्यक्रम पुष्कळ आहेत. केबल कारने ४२१ मीटर उंचीवरच्या स्टोर्स्टाइनेनला चार-पाच मिनिटांत जाता येते. वारा फार असला की ती बंद राहते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. पुलापलीकडचे १९६५ सालचे आर्क्टिक कॅथेड्रल, ध्रुवीय मोहिमांचे संग्रहालय आणि सामी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या तळावर रेनडिअरना चारा घालणे हेही दोघांना झेपेल. सामींचा राष्ट्रीय दिवस ६ फेब्रुवारीला असतो. त्या आठवड्यात गावच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात, आणि बैलगाडी शर्यतींच्या भागात वाढलेल्या माणसाला त्या बघायला मजा येईलच.

प्रश्न : तीन रात्रींचे पॅकेज मिळते आहे. नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतील ना? – वाचक, निपाणी (चिकोडीहूनही हाच प्रश्न)

उत्तर : ‘नक्की’ म्हणणाऱ्याकडून पॅकेज घेऊ नका. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात उतरतात आणि शंभर किलोमीटर व त्याहून उंचावर ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकून उजेड होतो. हिरवा रंग ऑक्सिजनचा. ट्रॉम्सो त्या कड्याच्या जवळजवळ खालीच आहे. म्हणून लोक मोबाइलवर ‘केपी’ हा चुंबकीय खळबळीचा आकडा बघत बसतात त्याला इथे फारसा अर्थ नाही. केपी १ किंवा २ असतानाही ट्रॉम्सोत चांगला प्रकाश दिसतो. मोठा केपी लागतो तो दक्षिणेकडच्या गावांना.

अडचण ढगांची आहे. समुद्रावरून येणारे ढग किनाऱ्यावर दोन-तीन दिवस ठाण मांडतात. त्यामुळे तीन रात्री कमी पडतात, पाच ठेवा. त्यातल्या दोन रात्री बसच्या सहलीला आणि उरलेल्या मोकळ्या. बसचे बुकिंग आधीच एकाच रात्रीचे करून ठेवू नका. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘यर’ या सेवेवर ढगांचा अंदाज तासातासाने मिळतो, तो बघून आदल्या दिवशी रात्र निवडा. डिसेंबर ते मार्च जागा लवकर भरतात हे खरे. तसे असेल तर अशी कंपनी घ्या जी ढग टाळण्यासाठी लांब जायला तयार असते. चांगला वाटाड्या गरज पडली तर डोंगरांच्या आडोशाला असलेल्या कोरड्या स्किबोटनकडे किंवा थेट फिनलंडच्या हद्दीत, किल्पिसयार्वीपर्यंत जातो. म्हणून पासपोर्ट खिशात असू द्या.

स्वतः बघायचे असेल तर आकाश निरभ्र असताना गाव ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावरचे प्रेस्तवान्नेत तळे किंवा दक्षिण टोकाची टेलिग्राफबुक्ता किनारपट्टी गाठा. संध्याकाळी सहा ते मध्यरात्री एक हा वेळ बहुधा फळतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे लागतात. त्या वेळात फोन बघितला की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक आधीच सांगून ठेवतो : फिका प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, फोटोत तो हिरवा येतो. जोरदार असेल तेव्हाच रंग आणि नाच डोळ्यांनी कळतो.

कॅमेऱ्यासाठी : तिवई, लेन्सचे छिद्र २.८ किंवा त्याच्या जवळ, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १० सेकंद. प्रकाश वेगाने हलत असेल तर २-३ सेकंद, नाहीतर सगळे एकच हिरवे फडके दिसते. फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर लावून तिथेच सोडा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. परत आल्यावर कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि खोलीत तासभर तसाच ठेवा. थंड लेन्स एकदम उबेत आली की आत बाहेर दव धरते.

प्रश्न : कुत्र्यांची गाडी स्वतः हाकता येते का? कुत्र्यांचे हाल होतात असेही ऐकले आहे. – वाचक, चिकोडी

उत्तर : येते. एका गाडीला दोन माणसे : एक मागे पट्ट्यांवर उभा राहून हाकणारा, एक पुढे बसणारा, आणि अर्ध्या वाटेत अदलाबदल. शिकायचे तीन नियम आहेत. थांबायचे असेल तर दोन्ही पायांनी ब्रेकवर पूर्ण भार द्यायचा. चढावर उतरून किंवा एका पायाने रेटून कुत्र्यांना हात द्यायचा. आणि गाडी कलंडली तरी दांडा सोडायचा नाही. सोडलात तर कुत्री बसलेल्या माणसासह पुढे निघून जातात. उभे असताना गाडी लोखंडी नांगराने बर्फात रोवलेली असते. तो वाटाड्याने सांगितल्याशिवाय उपटू नका. गरोदर बायकांना आणि पाठीचे दुखणे असलेल्यांना बसवत नाहीत. लहान मुलांच्या वयाची अट कंपनीगणिक वेगळी.

ओढणारी कुत्री बहुतेक अलास्कन हस्की. चित्रातल्यासारखी केसाळ, धिप्पाड नसतात, वीस-पंचवीस किलोची काटक असतात, म्हणून उपाशी ठेवल्यासारखी वाटतात. निघण्यापूर्वी जो कल्ला करतात तो धावायच्या ओढीचा. गाडी सुटली की एकदम शांतता. हाल होतात का ते बघायचे असेल तर घरे कोरडी आहेत का, पंजे तपासतात का, कुत्री माणसाजवळ बिनधास्त येतात का हे बघा. गरम हवा त्यांना सोसत नाही. पाऊस पडून वाट खराब झाली तर फेरी रद्द होते किंवा चाकांच्या गाडीवर होते, तेव्हा पैसे परत मिळण्याची अट आधी वाचा.

प्रश्न : देवमासे कधी दिसतात? बोट लागते, म्हणून भीती वाटते. – वाचक, हल्याळ

उत्तर : हंपबॅक आणि ऑर्का हेरिंग माशांच्या थव्यांमागे येतात, नोव्हेंबर ते जानेवारी. अलीकडच्या वर्षांत हेरिंग ट्रॉम्सोच्या ईशान्येला स्क्येर्वॉयकडे जमतात, त्यामुळे ट्रॉम्सोहून मोठ्या बोटीने नुसते जायलाच साडेतीन-चार तास लागतात आणि मधला भाग उघड्या समुद्राचा असतो. तुम्हाला बोट लागत असेल तर आदल्या दिवशी स्क्येर्वॉयला मुक्काम करा आणि तिथून छोटी फेरी घ्या. मोठ्या बोटीत मध्यभागी, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला बसा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्या. पोटात ढवळू लागल्यावर उपयोग नाही. उपाशी जाऊ नका, कोरडे काहीतरी खा. उन्हाळ्यात देवमासे बघायचे असतील तर ट्रॉम्सो सोडून नैर्ऋत्येला आंडेनेसला जावे लागेल, तिथे स्पर्म व्हेल असतात.

प्रश्न : आम्ही जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळी भटकंती करणारे चौघे. जुलैत तंबू घेऊन जायचे आहे. वाटाड्या लागतो का? – वाचक, खानापूर

उत्तर : जुलैत नाही. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही चालायचा आणि तंबू ठोकायचा हक्क आहे. राहत्या घरापासून १५० मीटर लांब राहायचे, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचे असेल तर मालकाला विचारायचे. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात किंवा रानालगत शेकोटी पेटवायला बंदी असते, म्हणून स्टोव्ह न्या. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, ती ट्रॉम्सोत विकत घ्या.

सवयीसाठी शेर्पांनी रचलेल्या सुमारे १,२०० दगडी पायऱ्या चढून केबल कारच्या टोकाला जा. क्वालोया बेटावर ५२५ मीटरचे ब्रोस्मेटिंडेन अर्ध्या दिवसात होते आणि वरून उघडा समुद्र दिसतो. खरी दमछाक हवी असेल तर १,२३८ मीटरचे ट्रॉम्सडालस्टिंडेन. सामींना हा डोंगर पवित्र आहे. वरच्या भागात जूनअखेरपर्यंत बर्फ असतो. पहाटे तीनलाही ऊन असल्यामुळे अंधार पडेल अशी भीती नाही, पण म्हणूनच लोक भान विसरून चालत राहतात आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी हवीच. धुके मिनिटांत उतरते आणि जुलैतही तापमान बारा अंशांच्या आसपास, तेव्हा लोकरीचा थर आणि रेनकोट पाठीवर असू द्या. डास किनाऱ्यापेक्षा आतल्या दऱ्यांत जास्त.

हाच बेत मार्चमध्ये केलात तर उत्तर वेगळे. ३० अंशांपेक्षा तिरक्या उतारावर बर्फाचे कडे सुटतात, आणि सपाटीवर चालणाराही त्या उताराच्या पायथ्याशी असेल तर सापडतो. ‘वर्सम’ या सरकारी सेवेवर रोज १ ते ५ अशी धोक्याची पातळी येते. ३ हा आकडा मधला दिसतो म्हणून हलक्यात घेऊ नका. त्या दिवशी उतारांपासून दूरच राहावे. बर्फात गाडलेल्याला शोधून काढायचे शोधयंत्र, फावडे आणि लांब सळई तिघांकडे असून चौथ्याकडे नसेल तर उपयोग नाही, आणि वापरायची सवय नसेल तरीही नाही. हिवाळ्यात वाटाड्या घ्याच. नाहीतर ट्रॉम्सो बेटावरच्या दिव्यांच्या सपाट स्की-वाटेवर रोज दोन तास पडत-उठत शिका. ते सुरक्षित आहे आणि स्की भाड्याने मिळतात.

प्रश्न : शाकाहारी आहोत. कुंदा, करदंट, लोणचे नेता येईल का? – वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : कुंदा घरीच संपवा. युरोपीय क्षेत्राबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप यांचेही तेच. गोकाकच्या करदंटात तूप असते, तेव्हा तेही टाळावे. शेंगाचटणी, भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डाळी न्या. लोणचे सामानात, दुहेरी पिशवीत. हॉटेलात एका जेवणाला दोन-तीनशे क्रोने सहज जातात (एक क्रोने साधारण आठ-नऊ रुपये), म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ, छोले, भाज्या, दही तिथल्या दुकानांत मिळते. नळाचे पाणी थेट प्या.

फोडणी मात्र जपून. घरांना धुराचे भोंगे असतात. मोहरी तडतडून मिरची जळली की भोंगा वाजतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. आधी चिमणी सुरू करा, खिडकी उघडा, आच कमी ठेवा. जिन्याकडचे दार उघडून धूर घालवू नका, भोंगा तिथेही असतो.

प्रश्न : व्हिसा कुठून आणि कसा? ट्रॉम्सोहून पुढे स्वालबार्डला जाऊन येता येईल का? – वाचक, निपाणी

उत्तर : शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. हिवाळ्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, ३०,००० युरोचा आरोग्यविमा सक्तीचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी हवीत. बोटांचे ठसे द्यायला बेळगावहून बाहेर जावे लागते. मागच्या ५९ महिन्यांत दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज. फिनलंडला चार आणि ट्रॉम्सोला तीन रात्री ठेवून नॉर्वेकडे केलेला अर्ज परत येतो.

ओस्लोहून ट्रॉम्सो विमानाने दोन तासांच्या आत आहे. ओस्लोला सामान ताब्यात घेऊन, कस्टम्समधून जाऊन ते पुन्हा द्यावे लागू शकते, म्हणून मध्ये तीन तास ठेवा. हिवाळ्यात वादळाने विमाने रखडतात. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदली रात्र ओस्लोत काढलेली बरी.

स्वालबार्ड हा आणखी उत्तरेचा बेटांचा समूह नॉर्वेचाच, पण शेंगेनबाहेर. तिकडे जाऊन परत येताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता, म्हणून व्हिसा दोन वेळा प्रवेशाचा हवा. एकदाच्या प्रवेशावर गेलात तर परतीची वाट बंद. भारताचे ‘हिमाद्री’ हे २००८ साली सुरू झालेले संशोधन केंद्र तिथल्याच न्यू-ओलेसुंदला आहे. लाँगयेरब्येन या तिथल्या मुख्य वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांमुळे हत्यारबंद वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. व्हिसाच्या अर्जात ‘दोन प्रवेश’ या चौकटीवर खूण केलीत का, ते अर्ज देण्याआधी पुन्हा बघा.